ऊ चॉ टिंट यांची पाठ

ऊ चॉ टिंट यांना त्यांच्या देशातून बाहेर पडायची परवानगी मिळाली नाही, म्हणून मालन पावसकरांनी त्यांना मराठीतून आणलं.

मेळाव्याची पद्धतच तशी होती. शेजारच्या आठ देशांतले लेखक आणि अनुवादक दर दोन वर्षांनी डोंगरातल्या त्या गावी, चहाच्या एका जुन्या गोदामात जमायचे. आणि आठांतल्या दोघातिघांचं आपसात फिसकटलेलं नाही असं एक वर्ष जात नव्हतं. कुणाचा व्हिसा अडायचा, कुणाचा पासपोर्ट. मग ज्याचा लेखक अडकला त्या अनुवादकाने आपलं भाषांतर घेऊन व्यासपीठावर बसायचं. पुढे लेखकाची रिकामी खुर्ची, तिच्या मागे अर्धं पाऊल सोडून अनुवादकाची. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागायचं, की लेखक पायांपासून वर हळूहळू खुर्चीत येई. यात कुणाला नवल वाटत नसे. चहाच्या वेळा तेवढ्या पाळाव्या लागत.

मालनबाई रत्नागिरीच्या. एस.टी.च्या आगारात चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढलेल्या. आवाज असा की माइकने गुमान बाजूला व्हावं. आई रंगूनला जन्मलेली, बेचाळीस साली लढाईच्या धामधुमीत आजोबांचं बोट धरून चालत परत आलेली. आई आणि मावशी भांडायच्या त्या बर्मीत, पोरांना कळू नये म्हणून. पोरांना नेमकं तेच कळलं! पुढे त्या भाषेच्या नादाने मालनबाईंनी लिपी शिकून घेतली, तीन शब्दकोश झिजवले आणि ऊ चॉ टिंट यांची ‘खिंडीपलीकडचं मीठ’ ही कादंबरी थेट मराठीत आणली. थेट, हा शब्द त्या नेहमी दोनदा उच्चारायच्या. मधे इंग्रजी नाही, हिंदी नाही, कुणाची मध्यस्थी नाही.

मध्यस्थीने काय होतं ते शेजारच्याच खुर्चीत दिसत होतं. चौबेजींनी मालदीवच्या एका कवीला इंग्रजीवरून हिंदीत आणलं होतं. कवी आले, इस्त्रीचे कपडे घालून आले, सर्वांना नमस्कारही केला, पण त्यांची सावली काही पडेना. चौबेजी दिवा इकडून तिकडे हलवून दमले.

“तुमचं बरं आहे बाई,” ते मालनबाईंना म्हणाले. “तुमचं भाषांतर मी मराठीतून वाचलंय. अनुवाद वाटतच नाही.”

अहाहा! हे वाक्य ऐकलं की मालनबाईंना दोन वेळचं जेवण नाही मिळालं तरी चालायचं. गेली एकोणीस वर्षं त्या हेच वाक्य ऐकत होत्या, आणि दर वेळी “छे हो, कसलं काय” म्हणताना मनात म्हणायच्या, आणखी एकदा म्हणा.

पहिल्या दिवशी ऊ चॉ टिंट कमरेपर्यंत आले. पहिल्या प्रकरणाला पावलं आली, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं. दुसऱ्याला पोटऱ्या आल्या, मिठाच्या गोण्या वाहून वाहून दगड झालेल्या. सातव्या प्रकरणात गुडघ्यावरचा व्रण आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका सिंहली बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. “इतका स्वच्छ व्रण मी कुठल्याच भाषांतरात पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. मेळाव्याच्या व्यवस्थापक पेमाताई लामा वहीत वेळ नोंदवत होत्या, त्यांनीही मान डोलावली. मालनबाईंनी पदर सारखा केला आणि आठवं प्रकरण असं काही वाचलं की रत्नागिरी–कोल्हापूर गाडीच्या प्रवाशांनी जागच्या जागी उठून उभं राहावं.

दुसऱ्या दिवशी पंधराव्या प्रकरणानंतर छाती यायला लागली, आणि तिथेच घोटाळा झाला.

समोरून सगळं ठीक होतं. शर्ट भरला, बरगड्या वरखाली होऊ लागल्या, खांदे आले. पण मालनबाई बसल्या होत्या मागे. त्यांना मागून दिसलं की ऊ चॉ टिंट यांना पाठ नाही. पाठीच्या जागी काहीच नव्हतं. खांद्यापासून कमरेपर्यंत माणूस आतून पोकळ, उघड्या कपाटासारखा. शर्टाची आतली बाजू दिसत होती, काजांतून पहिल्या रांगेतले चष्मे दिसत होते.

मालनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईचा आवाज असा हलत नाही. गाडी दरीत गेली तरी “थोडी उशिरा येईल” असंच सांगायची सवय. त्या वाचत राहिल्या. विसाव्या प्रकरणाला मान आणि तोंड आलं, चोविसाव्याला शेवटच्या वाक्याबरोबर कानावरचे पांढरे केस आले, आणि ऊ चॉ टिंट पूर्ण झाले. ‘ऊ’ म्हणजे त्यांच्याकडे काका. काकांनी घसा खाकरला, सभागृहाकडे पाहिलं आणि मालनबाईंच्या मराठीत म्हणाले, “वायच चाय मिळंल काय?”

सभागृह खूश. बर्माचा लेखक आणि रत्नागिरीचा हेल! चौबेजींनी तर डोळे पुसले. चहा आला, ऊ चॉ टिंट यांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला, आणि तो सगळाच्या सगळा मागच्या बाजूने मालनबाईंच्या मांडीवर सांडला. गरम होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि खांद्यावरची शाल काढून त्यांच्या खुर्चीमागे अशी पसरली, जणू सत्कारच करत होत्या.

आता खोटं कशाला बोला, मालनबाईंना कारण ठाऊक होतं. पान एकशे अठ्ठ्याऐंशी.

कादंबरी ऊ चॉ टिंट यांच्या स्वतःच्याच आयुष्याची. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी दोघे भाऊ मीठ घेऊन खिंडीत पोचतात आणि थोरल्याला ताप भरतो. सोळाव्याच्या सुरुवातीला ते गावात असतात. मूळ पुस्तकात या दोहोंच्या मधे अकरा ओळी होत्या. मराठीत एक वाक्य होतं: ‘दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो.’ एकोणीस वर्षांत कुणाला शंका आली नाही. प्रकाशकाला नाही, परीक्षकांना नाही, पुरस्कार देणाऱ्यांना तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर मालनबाईंना त्या एका वाक्याची लाज नव्हती, उलट अभिमान होता. काय बेमालूम जोडलंय! शिवण शोधून दाखवा म्हणावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेमाताई मोजायची टेप घेऊन आल्या. गोदामाचा असा स्वभाव होता की जेवढे लोक पूर्ण आले असतील तेवढ्यांपुरतीच जागा ते ठेवी. उरलेली आत ओढून घेई. रोज सकाळी व्यासपीठाच्या पाठची भिंत एक हात पुढे आलेली असे. आज ती दोन हात आली होती.

“खुर्च्या पुढे घ्या,” पेमाताई म्हणाल्या. “तुमच्याकडे काही कमी आहे का, मालनदीदी? हिशोबाने एवढी यायला नको होती.”

“काही कमी नाही,” मालनबाई म्हणाल्या.

“नाही ना? कारण दुपारी समारोप. सगळे लेखक पाठच्या भिंतीवर खडूने आपापल्या लिपीत नाव लिहितील. जो अपुरा असेल त्याला भिंत घेत नाही. तो आल्या वाटेने परत जातो, शेवटच्या वाक्यापासून पहिल्यापर्यंत. आणि त्या भाषेत पुन्हा येत नाही.”

“कधीच?”

“आजवर कुणी आलेलं नाही,” पेमाताई म्हणाल्या आणि टेप गुंडाळून पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

भिंतीवर नाव लिहायचं म्हणजे सभागृहाकडे पाठ करायची. मालनबाईंची खुर्ची तोवर इतकी पुढे सरकली होती की त्यांचे गुडघे ऊ चॉ टिंट यांच्या आत गेले होते. आत गारठा होता, मिठाचा वास होता, आणि कुठूनतरी खिंडीतला वारा येत होता.

“मालनबाई,” ऊ चॉ टिंट पुढे बघतच म्हणाले. “पाठीला वारा लागतोय हो.”

“शाल आहे.”

“शालीने भागत नाही. मला एक सांगा. संध्याकाळी आम्ही खिंडीत होतो. थोरल्याला ताप होता, उभं राहवत नव्हतं त्याला. सकाळी आम्ही गावात. पोचलो कसे?”

मालनबाईंनी शाल उगाच सारखी केली.

“तुमच्या वाक्यात ‘पोचलो’ आहे. चांगलं वाक्य आहे, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. पण मी रात्रभर आठवतोय. तो चालत आला का?”

“नाही.”

“मग मी त्याला टाकून आलो?” आवाज तसाच सपाट, पण खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली होती. “काय ते सांगा. गावाला गेल्यावर मी आईला तोंड कसं दाखवलं, तेही मला आठवत नाही.”

“टाकून नाही आलात हो!” मालनबाई एकदम म्हणाल्या. “तुम्ही कशाला टाकाल. टाकणारे वेगळेच.”

मग ऊ चॉ टिंट यांच्या कानाशी वाकून त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. भाषांतर चाललं होतं त्या सालच्या फाल्गुनात त्यांचा थोरला भाऊ मोरेश्वर, मोरूदादा, सिव्हिल हॉस्पिटलात होता. मूत्रपिंडं गेलेली, अंग सुजून दुप्पट झालेलं. मालनबाई खाटेशेजारच्या स्टुलावर कागद मांडून पंधरावं प्रकरण करत होत्या. दादा म्हणाला, “बाय, मला घरी ने. उचलून ने गो.” त्या हसल्या. म्हणाल्या, “तुला उचलायला चार माणसं लागतील. एवढं प्रकरण होऊ दे, उद्या बघू.” प्रकरण संध्याकाळी झालं. उद्या बघायला दादा नव्हता. तेराव्यानंतर त्यांनी पुढचं पान उघडलं, तर त्यात एक भाऊ दुसऱ्याला पाठीवर घेऊन खिंड उतरत होता.

“नाही झालं माझ्याच्यान,” मालनबाई म्हणाल्या. “तीन वेळा बसले. पेन चालेना. मग ते एक वाक्य लिहिलं.”

ऊ चॉ टिंट यांनी हात मागे नेऊन शालीखाली चाचपून पाहिलं. त्यांच्या आतला वारा मालनबाईंच्या गुडघ्यांना बोचत होता.

“पाठीवर होता तर,” शेवटी ते म्हणाले. “मला तेवढंच हवं होतं.” आणि मग, अगदी साधेपणाने, “पण मला तो जाणवत नाही अजून. तुम्ही सांगितलंत, पण वजन आलं नाही.”

दुपारी समारोप सुरू झाला तेव्हा पाठची भिंत मालनबाईंच्या अंबाड्याला टेकली होती आणि पहिली रांग हात लांब केला तर लागेल एवढी जवळ आली होती. खडू फिरू लागला. एका सिंहली लेखिकेने नाव लिहिलं. ढाक्याच्या कादंबरीकारांनी लिहिलं. मालदीवच्या कवींनी लिहायला घेतलं, पण खडू भिंतीवर उमटेना. ते चौबेजींना “आपले फार आभार” म्हणाले आणि केसांपासून पायांपर्यंत परत गेले. शेवटी बूट गेले. चौबेजी रिकाम्या खुर्चीमागे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि त्यांच्याकडे कुणाला बघवेना.

पेमाताईंनी खडू ऊ चॉ टिंट यांच्यापुढे धरला.

मालनबाईंच्या मनात काय काय येऊन गेलं! शालीसकट उभे राहू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. घेतलंच भिंतीने तर घेतलं, नाही तर म्हणू मूळ पुस्तकातच दोष होता, इथे दुसरं कोण बर्मी वाचतंय! आणि लगेच त्यांना स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली. थेट म्हणवतेस ना स्वतःला, मालन? थेट?

त्या उभ्या राहिल्या. अनुवादक त्या मेळाव्यात कधी उभे राहत नसत. मागे जागाच नसे. पण त्यांचे पाय ऊ चॉ टिंट यांच्या आत होते, तिथे उभं राहता आलं. शाल खाली पडली. सगळ्यांनी बघितलं. मालनबाईंनी मूळ पुस्तक उघडलं आणि खिडकीतला आवाज काढला.

“लक्ष द्या. पान एकशे अठ्ठ्याऐंशी. इथे मूळ पुस्तकात अकरा ओळी आहेत. त्या मी गाळल्या होत्या. छापखान्याने नाही, प्रकाशकाने नाही, मी.”

“गाळल्या?” चौबेजींनी मान वर केली. “पण शिवण कुठे दिसत नाही...”

“दिसत नाही, कारण मला काम येतं,” मालनबाई म्हणाल्या. “आता ऐका.”

आणि बर्मी ओळींवर बोट ठेवून त्यांनी मराठीत सांगायला सुरुवात केली, एकेक ओळ, न लिहिता, न खोडता.

“थोरल्याला मी पाठीवर घेतलं तेव्हा तो मिठाच्या गोणीपेक्षा हलका होता, आणि मला त्याचा राग आला. पहिल्या वळणावर तो म्हणाला, उतरव मला. मी म्हटलं, पुढच्या वळणावर. दुसऱ्या वळणावर म्हणाला, उतरव, मीठ ने, मीठ विकलं जाईल, मी नाही. मी म्हटलं, मीठ गेलं खड्ड्यात. मग मी खरंच मीठ सोडलं. एवढं मीठ, वर्षभराचं, वाटेवर पांढरं दिसत राहिलं. तिसऱ्या वळणापासून तो जड व्हायला लागला. एवढासा माणूस इतका जड कसा होतो, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, उतरव. मी काही म्हटलं नाही. माझी पाठ ओली झाली, त्याच्या घामाने की माझ्या, कळेना. नंतर आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी केल्या, त्यांतल्या बऱ्याच विसरलो. पण मला कुणी विचारलं, तू कोण, तर मी वळून माझी पाठ दाखवीन.”

पहिल्या ओळीला कणा आला, मणी मणी, खालून वर. मग त्यावर मांस चढलं, मग शर्ट. मालनबाईंचे पाय बाहेर ढकलले गेले आणि त्या भिंतीला चेपल्या. तिसऱ्या वळणाला ऊ चॉ टिंट यांच्या कमरेला दोन पाय लोंबू लागले, अनवाणी. शेवटच्या ओळीला कुणीतरी त्यांच्या पाठीवर होतं, गळ्यात हात टाकून, मान पलीकडच्या खांद्यावर टाकून. मालनबाईंना त्याची फक्त पाठ दिसत होती.

सभागृह उभं राहिलं. टाळ्या नव्हत्या, नुसतं उभं राहिलं, आठ देशांचं. मालनबाईंच्या छातीत काहीतरी भरून आलं. त्यात लाज होती, पण लाजेहून मोठा होता तो अभिमान, आणि तो त्यांनी लपवला नाही. माझ्या भाषेने हे पेललं. एकोणीस वर्षांनी का होईना, पेललं.

ऊ चॉ टिंट खुर्चीवरून उठले. ओझ्याखाली वाकून, भिंतीकडे वळून त्यांनी आपलं नाव लिहिलं, गोल गोल अक्षरांत. भिंतीने ते घेतलं. मग ते मालनबाईंसमोर येऊन थांबले. आता दोघांच्या मधे वीतभर जागा उरली होती.

“मी गावात पोचलो,” ते म्हणाले. “इथून पुढे तुम्ही घ्या.”

“मी?” मालनबाई म्हणाल्या. “माझं वय बघा हो. गुडघे बघा. आणि तो तुमचा भाऊ.”

“बर्मीत माझा आहे. त्या अकरा ओळी मराठीत कुणाच्या?”

“माझ्या,” मालनबाई म्हणाल्या. ताठ मानेने म्हणाल्या, पेमाताईंच्या वहीत नोंद व्हावी इतक्या मोठ्याने.

“मग?”

मालनबाईंनी पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं. चष्मा काढून त्यावर ठेवला. पदर कमरेला खोचला, भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात मागे नेले आणि वाकून पाठ दिली.

वजन आलं. सुजलेल्या माणसाचं वजन, चार माणसांनी उचलावं एवढं. त्यांचे गुडघे कडकडले पण टेकले नाहीत. गळ्याभोवती दोन हात आले, थंड, फुगलेले. दोन दिवस दाढी न केलेली हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली आणि टोचली.

“बाय,” कानाशी कुणीतरी म्हणालं, “चार माणसं कुठायत गो?”

“गप बस,” मालनबाई म्हणाल्या.

नावं लिहिलेली ती भिंत आता नाकाशी आली होती, आणि ती सरळ राहिली नव्हती; चढाला लागली होती. मालनबाईंनी ओझं एक हिसका देऊन नीट वर घेतलं आणि तिच्यावर पाऊल टाकलं.

“उतरव,” तो म्हणाला.

“पुढच्या वळणावर.”